मोठीआईचं परतीचं तिकीट

विमानतळाच्या दारातून दोघी बाहेर आल्या तेव्हा पोरीनं मोठीआईचा हात धरला होता, आणि समोर सख्खी आई दिसूनही तिनं तो सोडला नाही. सगळं तिथून सुरू झालं. नाहीतर आमची धाकटी काही वाईट बाई नव्हे. सहा वर्षं परमुलखात म्हाताऱ्या माणसांना न्हाऊमाखू घालून, त्यांचं उष्टंखरकटं आणि हागणंमुतणं काढून ती उभी राहिली होती, आणि उभी राहिली होती ती या पोरीसाठीच. पण पोरगी तिच्याकडे बघत होती ती अशी, की फोनमधली बाई खरंच एवढी बुटकी आहे का.

"अगं, जा की. आई आहे तुझी," मोठीआईनं, म्हणजे आमच्या थोरलीनं, तिला पुढे ढकललं.

पोरगी आली, पण सांगितल्यावर आली. धाकटीनं तिला छातीशी धरलं आणि मनात म्हटलं, बघा, पोटच्या पोरीनं मला मिठी मारायची तर तिला जावेचा हुकूम लागतो.

आता थोरली आणि धाकटी म्हणजे एकाच घरात दिलेल्या दोघी जावा. धाकटीचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळून होता आणि मग गेला. त्या दोन वर्षांत धाकटीला एक विद्या आली. जड माणसाला न दुखवता कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, ज्याला गिळता येत नाही त्याला चमच्यानं कसं भरवायचं. नवरा गेला, विद्या राहिली. तिच्यावर सहा महिन्यांचा एक कोर्स करून ती परदेशात वृद्धाश्रमात नोकरीला लागली. पोरगी तेव्हा तीन वर्षांची होती. थोरली म्हणाली, "ठेव माझ्याकडे. दोन दांडगे वाढवलेत, ही चिमूटभर पोर काय जड आहे?" दोन दांडगे म्हणजे तिचे मुलगे. झालं, चिमूटभर पोर तिथे राहिली आणि नऊ वर्षांची झाली. आता कुठे धाकटीचे कागद पक्के झाले, पोरीला कायमचं आणायची परवानगी मिळाली, आणि पोर एकटी कशी येणार म्हणून थोरली महिनाभरासाठी बरोबर आली.

महिनाभर! तिकीट धाकटीनंच काढलं होतं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, लांबट स्वयंपाकघर, आणि दोन माणसं एकदम वळू शकणार नाहीत अशी मोरी. खिडकीखाली बसचा थांबा. पोरीसाठी धाकटीनं नवा पलंग घेतला होता, त्यावर पिवळी चादर, चादरीला जुळणारी उशी. पोरीनं चादरीवरून हात फिरवला, "छान आहे," म्हणाली, पाहुण्यांकडे गेल्यावर म्हणतात तसं, आणि जमिनीवर थोरलीच्या गादीत शिरली.

"खारू, पाय आवर गं. लाथा मारतेस," थोरली म्हणाली.

खारू? धाकटी तिला सोनी म्हणायची. सोनीची खारू कधी झाली हे फोनवर कुणी कळवलं नव्हतं.

"अगं, घास गालात साठवून ठेवते ना, खारीसारखी. तिसरीत असल्यापासून सगळी आळी खारूच म्हणते," थोरलीनं खुलासा केला. म्हणजे सगळ्या आळीला ठाऊक, आणि जन्म देणारीला पत्ता नाही. धाकटी हसली, पण ते हसू भातात खडा लागावा तसं होतं.

धाकटीच्या कामात एक नियम आहे. आधी सांगायचं, मग हात लावायचा. आता मी तुमचा हात बाहीत घालते हं, आता पाणी जरा गार लागेल, आता मी तुम्हाला वळवते. म्हातारं माणूस म्हणजे काही गाठोडं नव्हे, उचललं आणि ठेवलं. सहा वर्षं रोज तासन्तास हेच बोलून तिच्या जिभेला तसंच वळण पडलं होतं. त्यामुळे पहिल्या रविवारी फणी हातात घेऊन ती पोरीला म्हणाली, "मी तुझे केस विंचरू का? आधी खालून गुंता सोडवते. दुखलं तर हात वर कर, मी थांबेन."

पोरीनं तिच्याकडे पाहिलं, मग थोरलीकडे पाहिलं. "मोठीआई, ही अशी का बोलते?"

"कामावरची सवय आहे तिची. आण इकडे." थोरलीनं फणी घेतली, पोरीला दोन गुडघ्यांत दाबून बसवलं आणि कचाकच गुंता ओढायला लागली. पोरगी वळवळली तशी पाठीत एक धपाटा घातला. "गप बस, माकडे." आणि माकड गप बसलं. रडलं नाही, रुसलं नाही, उलट थोरलीच्या गुडघ्यावर गाल टेकून पेंगायला लागलं.

त्या धपाट्याचा धाकटीला असा हेवा वाटला म्हणून सांगू. लाडाचा नाही, धपाट्याचा. लाड काय, चार दिवसांचे पाहुणेसुद्धा करतात. धपाटा घालायला हक्क लागतो, आणि तो हक्क जावेच्या हातात होता. आपण घातला असता तर पोरीनं कसं बघितलं असतं, हा नुसता विचारही धाकटीला सोसेना. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसला.

तिनं हार मानली असं मात्र नाही. तिला जे येत होतं ते तिनं केलं. फ्रिजवर एक तक्ता लावला. सकाळी दूध अर्धा पेला. दुपारी भात पाऊण वाटी, भाजी सोडली. झोप सात तास. कामावर ती असाच तक्ता भरायची आणि त्यावरून कुणाचं काय बिनसलंय ते तिला दोन दिवसांत कळायचं. पोरीचंही कळेल असं तिला वाटलं होतं. थोरलीनं पदराला हात पुसत तक्ता वाचला.

"सगळं लिहिलंस. सकाळी पोट साफ झालं का, तेवढं राहिलं की."

पोरगी खो खो हसली. थोरलीची थट्टा होती ती, घरातली, रोजची. पण धाकटीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पोरगी इथे आल्यापासून पहिल्यांदा मोकळी हसली, आणि हसली ती तिलाच. तक्ता तिनं काढला आणि चार तुकडे करून केराच्या डब्यात टाकला.

दुसऱ्या आठवड्यात शाळा सुरू झाली. धाकटीची सकाळपाळी एकला संपायची, शाळा तीनला सुटायची. पोरीला शाळेतून आणायचं काम तिनं हट्टानं स्वतःकडे घेतलं. वाटेत पोरगी काहीबाही सांगायची. भाषा कळत नाही, पण गणित तेच आहे. शेजारची मुलगी खोडरबर देते. धाकटीला वाटायचं, बरं चाललंय, रुळतेय. मग दोन जिने चढून दारात आलं की पोरगी गप्प व्हायची आणि आधी खाली बघायची. थोरलीच्या चपला जागेवर दिसल्या की मगच स्वतःचे बूट काढायची. रोज तेच. हाताला धरून आणते कोण, आणि नजर कुठे, तर जावेच्या चपलांवर. पाचव्या दिवशी धाकटीला ते सहन होईना.

त्याच संध्याकाळी ती थोरलीला म्हणाली, "ताई, एक अडचण झालीय हो. खालच्या मालकीणबाईंचा नियम आहे. जास्तीचं माणूस पंधरा दिवसांच्या वर ठेवता येत नाही. पुढच्या गुरुवारचं तिकीट करून टाकू का?"

थोरली भांडी विसळत होती. नळ बंद करून तिनं धाकटीकडे नीट पाहिलं. "कर बाई. नियम म्हणजे नियम."

इतक्या सहज. धाकटीनं केवढी तयारी केली होती, हे विचारलं तर हे सांगू, ते विचारलं तर ते. काहीच लागलं नाही. तिनं लगेच तिकीट बदलून घेतलं, न जाणो नंतर धीर होईल न होईल.

आता खोट्याचे पाय लुळे असतात म्हणतात ते खरं आहे. रविवारी सकाळी दारावर थाप पडली. बघतात तो मालकीणबाई, धापा टाकत, आणि मागे त्यांचा जावई, डोक्यावर घडीची खाट घेऊन. त्यांनी थोरलीची कंबर दाखवली, जमीन दाखवली आणि मान हलवली, की या वयात खाली झोपू नये. मग बोटं मोजून दाखवली, एक महिना, दोन महिने, खुशाल राहा. भाषा कळायची गरजच नव्हती. थोरलीनं त्यांना हात जोडले. त्या गेल्यावर तिनं खाट उघडली, चादर अंथरली, चारी कोपरे ताणून नीट खोचले आणि पोरीला म्हणाली, "ये गं, बसून बघ. करकरतेय का?" धाकटीला एक शब्द बोलली नाही.

धाकटी मेल्याहून मेल्यासारखी झाली. पण खरं सांगायचं तर त्या शरमेच्या बुडाशी रागच होता. ही भांडत का नाही? भांडली असती, चार शब्द वाईट बोलली असती, तर पोरीलाही दिसलं असतं की मोठीआई काही देवी नाही.

बुधवारी दुपारी पोरगी शाळेत असताना थोरलीनं पिशवी भरायला घेतली. धाकटी कामावरून आली तशी म्हणाली, "बस जरा. उद्या मी दोनच्या बसनं निघते. ती थेट विमानतळावरच थांबते ना, मी जाईन. खारू शाळेत असेल. तिला काही सांगू नकोस."

"न सांगता जाणार तुम्ही?"

"तूही तेव्हा तशीच गेली होतीस."

हे असं कुणी तोंडावर म्हणेल याची धाकटी सहा वर्षं वाट बघत होती. गेली होती ती तशीच. पोरीला बालवाडीत पोचवून आली आणि तासाभरात ती बॅग घेऊन घराबाहेर पडली. पण ती कल्पना तिची नव्हती. थोरलीच म्हणाली होती, आत्ताच निघ, ती घरी आली आणि रडायला लागली तर तुझा पाय निघायचा नाही, पुढचं मी बघते.

"तुम्हीच सांगितलं होतं, ताई."

"हो, मीच. चुकलंच माझं." थोरली साडीची घडी घालत होती, ती तिनं मोडली आणि पुन्हा घातली. "संध्याकाळपर्यंत दाराशी बसून होती. नंतर चार महिने बालवाडीला गेली नाही. पुढे जायला लागली, पण परत आली की आधी माझ्या चपला बघायची. अजून बघते. तू पाहिलं असशील."

धाकटीनं पाहिलं होतं. रोज पाहिलं होतं आणि भलतंच समजून बसली होती.

"मग पुन्हा तेच कशाला करायचं?"

"सांगितलं तर ती गळ्यात पडेल आणि माझ्यानं तिला सोडवणार नाही. न सांगता गेले तर चिडेल माझ्यावर. चिडू दे. महिना-दोन महिने फोनवर बोलणार नाही, तेवढ्यात तुझी होईल." मग पिशवीची चेन ओढत, आवाज न चढवता ती म्हणाली, "तुलाही तेच हवंय ना? त्या मालकिणीचं नाव कशाला मध्ये आणलंस? मला म्हणाली असतीस, तरी मी गेले असते."

आता कुणाला वाटेल, इथे धाकटी विरघळली आणि दोघी जावा गळ्यात गळा घालून रडल्या. छे. हेवा असा जात नसतो. उलट भडकाच उडाला. पोर वाढवायची हिनं, धपाटे घालायचे हिनं, आणि आता पोरीसाठी वाईटपणा घ्यायचा तोही हिनंच. मला काही उरू देणार आहे का ही? आणि त्याच्याही खाली एक हलकट आनंद होता. जाऊ दे न सांगता. कळू दे पोरीला, मोठीआईसुद्धा टाकून जाते. मग आम्ही दोघी सारख्या.

"बरं," धाकटी म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं."

गुरुवारी ती कामावर गेली. तिच्याकडच्या सहा माणसांत एक मास्तरीण होती. जन्मभर शाळेत शिकवलेली, आता एक्याऐंशीची, आणि पाच मिनिटांपूर्वीचं काही आठवत नसलेली. एक वाजता पाळी बदलली. पाळी बदलताना दोघींनी खोलीत एकत्र उभं राहायचं, आणि जाणारीनं माणसाच्या डोळ्यांत बघून सांगायचं, मी निघते, आता ही आहे. गुपचूप सटकायचं नाही. नव्या मुली कुरकुर करायच्या, की हिला कुठे काय लक्षात राहणार आहे. तर धाकटीच त्यांना दटावायची, "कोण गेलं ते विसरतात. कुणीतरी न सांगता गेलं याची धास्ती मात्र राहते."

तिनं मास्तरणीचा हात हातात घेतला. "मी आता निघते. ही आहे तुमच्याजवळ."

"पुन्हा येणार?"

"उद्या सकाळी सातला."

मास्तरणीनं मान हलवली आणि हात सोडला. हजार वेळा झालं असेल हे, पण त्या दिवशी धाकटी तिथेच खिळली. जिला उद्या माझं तोंडही ओळखू येणार नाही, त्या परक्या बाईला मी रोज सांगून निघते. आणि माझ्या पोरीला मात्र दुसऱ्यांदाही कुणी सांगणार नाही, आणि त्याला मी स्वतः बरं म्हणून आले. तिनं कामाचा अंगरखाही बदलला नाही. घराकडे न जाता ती शाळेकडे पळत सुटली.

शाळेच्या कचेरीत बाईंनी विचारलं, काय कारण? ती म्हणाली, घरचं माणूस चाललंय. पोरगी बाहेर आली ती अर्धं उघडं दप्तर घेऊन, पांढरीफटक पडून.

"मोठीआई गेली?"

"अजून नाही. दोनला जाणार आहे. चल, पळ."

बसच्या थांब्यावर थोरली पिशवी पायांत धरून उभी होती. दोघींना पळत येताना बघून तिचा चेहरा उतरला. "अगं, हे काय केलंस तू."

"सांगा तिला," धाकटीला दम लागला होता. "मी इथे उभी आहे."

थोरलीनं पोरीचं उघडं दप्तर बंद केलं. मग म्हणाली, "खारू, मी घरी चालले. तू इथे राहायचंस. आता आई आहे."

"मी पण येते." पोरीनं तिच्या कमरेला मिठी घातली. "मला इथे नाही राहायचं. मी पण येते."

धाकटीनं स्वतःलाच म्हटलं, घे, हौस होती ना. पोरगी खरंच चालली असती तर ती काय करणार होती? जबरदस्तीनं ठेवून घेतलेल्या पोरीला जन्मभर कुलूप लावून ठेवायचं होतं का? थोरलीनं मिठी सोडवायला हात उचलले, पण ते हात पोरीच्या पाठीवर जाऊन तिथेच राहिले. सहा वर्षांत पहिल्यांदाच या बाईला पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं. तिनं धाकटीकडे पाहिलं, नुसतं पाहिलं.

"बस येईपर्यंत धर तिला," धाकटी पोरीला म्हणाली. "मग सोडायचं. तू माझ्याकडे राहणार आहेस. आणि सुट्टीत मोठीआईकडे जाणार आहेस, मी स्वतः घेऊन जाईन. पण आज नाही."

पोरीनं धरून ठेवलं. बस आली तेव्हाही सोडेना. शेवटी धाकटीनं तिला मागून कवेत घेतलं आणि थोरलीपासून सोडवलं, आणि पोरीच्या टाचा तिच्या नडग्यांवर आपटत राहिल्या. थोरली चढली. खिडकीशी बसली, पण तिला बाहेर बघवलं नाही. बस गेली.

पोरगी शांत झाली ती एकदम, धाकटीला भीती वाटावी इतकी. मग तिनं वळून विचारलं, "आज सांगितलंस. मग तू गेलीस तेव्हा का नाही सांगितलंस?"

उत्तर धाकटीच्या जिभेवर तयार होतं, आणि ते शंभर टक्के खरं होतं. मोठीआईनं सांगितलं म्हणून. एवढं बोलली असती की संपलं. पोरीचा सगळा राग त्या बसमागे धावत गेला असता, आणि मोठीआईचं नाव या घरात पुन्हा त्या मायेनं निघालं नसतं. देवाशपथ सांगते, तिला ते बोलायचं होतं. शब्द दातांपर्यंत आले होते.

"मी घाबरले," ती म्हणाली. "तू रडली असतीस तर माझा पाय निघाला नसता. म्हणून न सांगता गेले."

पोरीनं बाहीला नाक पुसलं.

"मग मी रडलेच की," ती म्हणाली. "तुला दिसलं नाही एवढंच."

धाकटी थांब्यावरच्या बाकावर बसली. पोरगीही बसली, मध्ये दप्तर ठेवून. मग ती रडायला लागली, आजचं आणि सहा वर्षांपूर्वीचं, सगळं एकदम. मधल्या वेळात दोन बस येऊन दार उघडून थांबल्या, आणि दोन्ही वेळा धाकटीनं पोरीवरची नजर न काढता ड्रायव्हरला हातानंच जा म्हणून सांगितलं.